फोटोतून कातरलेली आई

पंचावन्नी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकं 'मॅडम' म्हणायला लागली, तरी घरात आणि नात्यागोत्यात तिचं नाव धाकटीच राहिलं होतं. भावंडं दोनच. थोरला दादा आणि ती धाकटी. गेल्या हिवाळ्यात आई गेली, आणि सगळं पार पडून पाहुणे पांगल्यावर धाकटीच्या मनात आलं की आता या नावाने लाडाने हाक मारणारं कुणी राहिलं नाही. दादा मारायचा हाक, पण ती बहुधा चिडूनच.

आईला बाबांच्या शेजारी जागा मिळाली होती. बाबा टाइपरायटर दुरुस्त करायचे. पस्तिशी गाठायच्या आधीच गेले, धाकटी तेव्हा अजून रांगतही नव्हती. त्यांच्या थडग्याच्या शिळेवर चिनीमातीचा एक लंबगोल फोटो बसवलेला होता. दाट केस मागे फिरवलेले, कोट घातलेला, ओठांच्या एका कोपऱ्यातून हसू. बाकीचं जग म्हातारं होत गेलं, बाबा तिथे तसेच्या तसे राहिले. लहानपणी धाकटीला ते मोठे वाटायचे, मग एकदा तिच्याच वयाचे वाटले, आणि आता तर भाच्याच्या वयाचे वाटायला लागले होते.

दोघांसाठी मिळून एकच नवी शिळा करायची असं भावा-बहिणीने ठरवलं. चिनीमातीवर फोटो भाजून देणाऱ्याचं दुकान दफनभूमीच्या फाटकामागच्या बोळात होतं. पुढे एक बाकडं, मागे भट्टी, आणि भिंतीवर ओळीने लटकवलेले लोकांचे चेहरे. दादाने पिशवीतून बाबांचा शिळेवरचा फोटो आणि आईचा फोटो काढून दिले. आईचा ऐंशीव्या वाढदिवसाचा होता. जाड भिंगांचा चष्मा, आत गेलेले गाल, मांडीवर जोडलेले हात.

भट्टीवाल्याने तो फोटो पाहिला, बाबांचा पाहिला, आणि घसा खाकरला.

"फोटो छान आहे. पण राग मानू नका, एक सांगतो. हे दोन शेजारी शेजारी लावले ना, तर लोक मायलेक समजतील."

दादाच्या कपाळाला आठ्या पडल्या. धाकटीला मात्र खुदकन हसू आलं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

"बाईंचा तरुणपणीचा एखादा असेल की घरात," भट्टीवाला म्हणाला. "बघा शोधून. घाई नाही, इथे कुणालाच घाई नसते."

फोटो होते. बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात कोंबून भरलेले होते. आईच्या रिकाम्या खोलीतल्या टेबलावर धाकटीने डबा पालथा केला आणि एकेक उचलून बघायला लागली. बाबा सायकलवर. बाबा आणि दादा बाकावर. मग एका झाडाखाली बाबा, दादा आणि आई. तिने तो उजेडात धरला आणि तिचा हात थबकला. आईच्या अंगावर फुलाफुलांचा पोशाख होता, हातात पर्स होती, पायात पट्ट्यांच्या चपला होत्या. मान होती. मानेच्या वर गोल भोक होतं.

"दादा, हे बघ."

दुसऱ्या फोटोत तसंच. तिसऱ्यातही. जिथे म्हणून आई होती, तिथे तिचा चेहरा नव्हता. कातरकाम इतकं सफाईदार की कडेला कुठे दातरा पडलेला नाही. भोकातून टेबलावरच्या मेणकापडाची फुलं दिसत होती.

"उंदीर," दादा म्हणाला, पण त्याच्याच आवाजात जोर नव्हता.

"उंदीर बरा फक्त आईलाच ओळखून खातो."

दादा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेला. कुठल्याही गोष्टीचा छडा लावायचा म्हणजे आधी ती टेबलावर ओळीने मांडायची, हा त्याचा खाक्या. त्याने फोटो वर्षांप्रमाणे लावले, एकेकाला प्लॅस्टिकचं पाकीट चढवलं आणि चष्मा कपाळावर ढकलून बसला.

"लग्नानंतरचे कापलेत, मी झाल्यानंतरचे कापलेत, तू झाल्यावरचा एकच आहे, तोही कापलाय. म्हणजे कुणा एका प्रसंगाचा राग नव्हे हा."

"तिला स्वतःचा चेहरा आवडत नसेल," धाकटी म्हणाली. दुकानात असे लोक ती रोज बघायची. नवी फ्रेम डोळ्यांवर चढवून आरसा पुढे धरला की काही जण डोळेच मिटतात. आईच्या घरात तळहाताएवढ्या आरशापलीकडे आरसा कधी नव्हता. वेणी घालायची तीही चाचपून.

"का बाबांशी काही बिनसलं होतं?"

"उगाच काहीतरी तोंडाला येईल ते बोलू नकोस," दादा म्हणाला. पण त्यालाही तोच किडा चावलेला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

जुनं विचारायला आता एक आत्याच उरली होती. बाबांची पाठची बहीण. तिचे कान कधीच गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. दोघं पुढच्याच रविवारी तिच्याकडे गेले. कापलेले फोटो तिने एकेक करून डोळ्यांजवळ धरले. मग म्हणाली, "मानी होती तुमची आई. भाऊ गेला, आणि हिने घरातून स्वतःलाच कापून टाकलं. आमच्याकडे आली तरी तशीच. फोटो काढायची वेळ झाली की ही स्वयंपाकघरात."

आत्याने स्वतःच्या घरच्या लग्नकार्यांचे अल्बम काढून दिले. दुसऱ्याच्या अल्बममध्ये तरी आईची कात्री पोचली नसेल, अशी धाकटीला आशा होती. पोचली नव्हती, पण आईही नव्हती. एका फोटोत दारातून आत वळणारी पाठ. एकात पाहुण्यांच्या मागे कपांचा ट्रे आणि ट्रे धरलेले दोन हात. नवऱ्या मुलीच्या खांद्यावर कडेने आलेली चार बोटं. ते हात धाकटीने कुठेही ओळखले असते. पण शिळेवर हातांचा फोटो लावून कसं चालेल?

"कारखान्यात बघा," निघताना आत्या म्हणाली. "ती कामाला होती त्या बल्बच्या कारखान्यात गेटवर पास दाखवायला लागायचा. मी एकदा डबा द्यायला गेले होते तर मला आत सोडेना तो मेला पहारेकरी. पासाला फोटो तर लागलाच असेल ना?"

कारखाना बंद पडून जमाना झाला होता. तिथे आता गोदामं होती. पण कामगारांच्या फायली शहराच्या अभिलेखागारात जमा झाल्याचं दादाने फोन करकरून शोधून काढलं. नात्याचा पुरावा, मृत्यूचा दाखला, सह्या, असं सगळं झालं आणि एक दिवस बोलावणं आलं.

अभिलेखागार तळघरात होतं. लांब टेबल, वर हिरव्या झाकणाचे दिवे, आणि कागदांच्या जुन्या दमट वासात एक अभिलेखपाल बाई, अंगावर शाल लपेटून, नाक पुसत बसलेल्या. त्यांनी तपकिरी फाईल समोर आणून ठेवली. फाईलीला हात किंवा दुसरा कागद लावायचा नाही, पेनं बाहेर काढायची नाहीत, पानं त्या स्वतः उलटणार, असं बजावलं आणि पहिलं पान उलटलं.

नोकरीचा अर्ज होता. आईचं गोलसर अक्षर. वरच्या कोपऱ्यात आईचा चेहरा.

तो चौकोनी नव्हता. चिकटवलेला तुकडा गोल कापलेला होता. डावीकडे काळ्या कोटाचा खांदा थोडासा आलेला, आणि खाली हनुवटीला धरून बसलेली इवली इवली चार बोटं. कपाळावरून कारखान्याचा जांभळा शिक्का गेला होता. शिक्क्याखाली आई हसत होती. पुरतं नाही, फोटोवाल्याने काहीतरी म्हटल्यावर येतं तेवढंच.

धाकटी बघतच राहिली. "दादा, ही बोटं माझी आहेत."

दादाने पिशवीतून पाकिटं काढली. हवं ते पाकीट त्याला लगेच सापडलं. बाबा, दादा, आईच्या मांडीवर तान्ही धाकटी. तान्हीचा हात वर गेलेला होता आणि मनगटापाशी संपत होता. इतक्या वेळा पाहूनही हे दोघांच्या लक्षात आलं नव्हतं. भोकच एवढं मोठं, की बघणाऱ्याचं दुसरीकडे लक्ष जातंय कशाला.

अभिलेखपाल बाई शाल सावरत उठल्या. स्वतःच घालून दिलेला नियम बाजूला ठेवून त्यांनी तो फोटो हातात घेतला आणि अर्जाच्या कोपऱ्याशी अलगद लावला. मनगटाला बोटं मिळाली. बाबांना खांदा मिळाला.

"बसला की चपखल," त्या म्हणाल्या आणि शिंकल्या.

आईला पोचवताना दादाच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. आता तो उठून दूर जाऊन उभा राहिला. तळघराला खिडकी नव्हती, म्हणून भिंतीकडेच बघत राहिला. धाकटीने अर्जावरची तारीख वाचली. बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता.

अर्जाच्या शेवटी ओळख देणाऱ्याची सही होती. ते नाव वाचलं आणि धाकटीला एकदम आठवली ती उंच मावशी. दारातून आत येताना मान वाकवणारी, आईच्याच टेबलावर काम करणारी, एक पाय ओढत नाचून दाखवणारी. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली आणि मग कुठे गेली कोण जाणे. दादाने कारखान्याच्या पेन्शनरांच्या मंडळाला फोन लावला. मावशी जिवंत होती. नुसती जिवंत नव्हे, मंडळाचा पत्त्यांचा डाव दर आठवड्याला जिंकत होती.

मावशीने दार उघडलं तेव्हा तिची उंची पाठीच्या बाकात मुरलेली होती, पण सवयीने तिने चौकटीखाली मान वाकवलीच. खोली लहान, उन्हाची. खिडकीत कुंड्या, टेबलावर रेडिओ. तिने दोघांना निरखून पाहिलं, दादाच्या गालावर टपली मारली, आणि चहा ओतता ओतता कापलेल्या फोटोंची हकिगत ऐकली. ऐकता ऐकता तिला हसू फुटलं ते आवरेचना. चहा बशीत सांडला.

"अरे देवा! आणि तुम्ही काय काय मनात आणलंत! अगं, कापायला मीच शिकवलं तिला."

"तू?"

"मग? तुमचे बाबा गेले आणि ही नोकरी मागायला आली. अर्जाला फोटो हवा, आणि मुदतीला एकच दिवस. फाटकाशी उभी राहून रडत होती. म्हणाली, रडून रडून डोळे सुजलेत, हे असलं तोंड घेऊन फोटो काढला तर मला कोण ठेवील कामावर? मी म्हटलं, घरात एखादा हसरा असेल ना? मग त्यातलं तोंड काप आणि चिकटव. कोण बघतंय!"

"पण ते एकदा," दादा म्हणाला. "बाकीचे?"

"बाकीचे बसचा पास, ग्रंथालय, दवाखाना, तुमच्या शाळेचे कागद. तेव्हा जिकडेतिकडे फोटो मागायचे. दर खेपेला घरी जाऊन एक कापायची. मी म्हणायचे, अगं, आता बरी दिसतेस, नवा काढून घे." मावशी थांबली. बशीतला चहा तिने परत कपात ओतला. "तर म्हणाली, नवा काढला की नवा चेहरा येईल. ते असतानाचा आहे तोवर तोच पुरवते."

मावशीने घोट घेतला आणि पुन्हा हसली. "गेटवरचा पहारेकरी पास बघून विचारायचा, बाई, तुम्ही म्हाताऱ्या होत नाही का हो कधी? तर ही त्याच्याच आवाजात त्याला उत्तर द्यायची."

"त्याच्या आवाजात?"

"नक्कल! साहेबाची, पहारेकऱ्याची, डॉक्टरणीची. आमचं काम काय, तर बल्ब खोबणीत बसवायचा, पेटतो का बघायचा, काढायचा. दिवसभर डोळ्यांसमोर उघडझाप. जीव आंबून जायचा. तुमची आई म्हणजे आमच्या टेबलाचा रेडिओ. साहेब मागे येऊन उभा राहिला तरी हिला पत्ता नाही, आणि आम्ही हसू दाबून मरतोय."

भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं. जेवताना हसलं तर ठसका लागतो, म्हणून पानावर हसू न देणारी त्यांची आई.

"तुझीसुद्धा करायची हं," मावशी दादाला म्हणाली. तिने भुवया जवळ आणल्या आणि लहान मुलाचा गंभीर आवाज काढला. "आई, तू त्या खोलीतला दिवा बंद केलास का? वीज काय फुकट येते?"

धाकटी पोट धरून हसली. दादाचे कान लाल झाले. आता साठी पार केली तरी तो घरात दिवे बंद करत फिरायचा.

मावशीने कपाटातून अल्बम काढला. "आणि हा बघा. हा तिने कितीदा मागितला, मी दिला नाही. म्हटलं, दिला की कापशील."

फोटोत पोहण्याचा तलाव होता. कडेचा दांडा एका हाताने धरून आई पाण्यात उभी होती. डोक्यावर रबराची घट्ट टोपी, कानाशी सुटलेली केसांची बट, डोळे मिटलेले, तोंड उघडं, चेहऱ्यावरून पाणी निथळतंय. अशी हसत होती की तो आवाज फोटोतून बाहेर येईल असं वाटावं.

"ही आई?" दादा म्हणाला.

"पस्तिशी उलटल्यावर शिकली पोहायला. दर बुधवारी, कामाची पाळी सुटली की मी आणि ती. हा माझ्या नवऱ्याने काढला, ती पहिल्यांदा ह्या टोकापासून त्या टोकाला गेली त्या दिवशी."

धाकटीला बुधवार आठवले. बुधवारी आई ओल्या केसांनी घरी यायची. कारखान्यात गरम पाणी असतं, तिथेच न्हाऊन आले, असं म्हणायची. त्या केसांना एक उग्र, स्वच्छ वास असायचा. लहानगी धाकटी त्या केसांत नाक खुपसून झोपायची. तो बल्बच्या कारखान्याचा वास, असंच ती आजवर समजत आली होती.

"आम्हाला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्हीही येतो म्हणाला असता," मावशी म्हणाली. मग तिने धाकटीचा हात हातात घेतला. "तिचं सगळं तुमचंच होतं गं. तेवढा एक बुधवार तिचा होता."

परतीच्या बसमध्येच दोघांची जुंपली. मावशीने फोटो धाकटीच्या स्वाधीन केला होता आणि धाकटीने मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

"हाच लावायचा."

"थडग्यावर? पोहायची टोपी घातलेला?" दादाने आवाज खाली आणला, कारण पुढच्या बाकावरच्या बाईंनी मान वळवली होती. "लोक काय म्हणतील? अर्जावरचा चांगला आहे. व्यवस्थित आहे. बाबांच्या बरोबरीचा दिसतो."

"व्यवस्थित! शिक्का मारलाय तिच्या कपाळावर."

"तो भट्टीवाला पुसून देईल."

"तू तिला कागदावरच ठेव जन्मभर," धाकटी म्हणाली, आणि बोलल्यावर तिलाच ते लागलं. आपापल्या थांब्यावर दोघं निरोप न घेता उतरली.

आठवडाभर फोन नाही. आजवर भांडण झालं की मध्ये आई असायची. याला फोन करून त्याची बाजू ऐकायची, तिला करून तिची, आणि दोघांनाही 'तुझंच बरोबर आहे' म्हणून सांगायची. आता मध्ये कुणी नव्हतं. धाकटी दुकानात लोकांच्या डोळ्यांतलं अंतर मोजत होती, कानांमागे काड्या वाकवून बसवत होती, आणि दर वेळी दाराची घंटी वाजली की वर बघत होती.

एका दुपारी दादाच आला. गिऱ्हाइकाच्या उंच खुर्चीत बसला, समोरच्या आरशात स्वतःकडे बघत राहिला. त्याच्या हातात दोन पाकिटं होती. एकात अर्जावरच्या चेहऱ्याची प्रत, दुसऱ्यात टोपीवाल्या फोटोची प्रत. ती त्याने तिच्याकडून न मागता मावशीकडे पुन्हा जाऊन, मावशीला गोड बोलून विनवून, तिच्या नातवाकडच्या निगेटिव्हवरून करून घेतली होती.

"हा चेहरा," अर्जाच्या पाकिटावर बोट ठेवून तो म्हणाला, "बाबांनी पाहिलेला आहे."

"हो."

"हा नाही पाहिलेला."

"नाही."

"मग हाच लावू." त्याने टोपीवाला फोटो तिच्यापुढे सरकवला. "ते गेल्यावर हिचं काय काय चाललं होतं, कळू दे की त्यांना. बरं वाटेल." आणि घाईघाईने, तिने काही बोलायच्या आत, "आणि लोकांचं काय, लोक टोपी बघून पुढे जातील."

धाकटी काउंटरच्या मागून बाहेर आली. एकमेकांना मिठी मारायची दोघांनाही सवय नव्हती. तिने त्याचा चष्मा काढून घेतला, काचा पुसल्या, सैल झालेली काडी घट्ट केली आणि परत त्याच्या नाकावर चढवला.

वसंत लागला तेव्हा शिळा बसली. भट्टीवाल्याने टोपीबद्दल चकार शब्द काढला नाही, उलट सुटलेली बट जशीच्या तशी उतरवली. बाबा कोपऱ्यातून हसत होते आणि शेजारी आई डोळे मिटून, तोंड भरून. मायलेक काही दिसत नव्हते. आई बाबांपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी दिसत होती, ते खरं, पण ते चालण्यासारखं होतं.

आत्याला काठी आणि दादाचा हात, दोन्हींच्या आधाराने आणावं लागलं. ती शिळेपुढे उभी राहिली, वाकली, डोळे बारीक केले.

"हिच्या डोक्यावर काय आहे हे?"

"टोपी, आत्या. पोहायची."

"काय?"

"पोहायची! आई पोहायची!" धाकटी ओरडली, ती इतक्या जोरात की पलीकडे फुलं ठेवणारे दोघं तिघं वळून बघायला लागले.

आत्या बघत राहिली. तिचा चेहरा आधी रागावल्यासारखा झाला, मग तसा राहिला नाही.

"मला नाही सांगितलं कधी," ती म्हणाली. "मला पण आवडलं असतं." मग काठी आपटली. "कुठे जायची? कोणाबरोबर? नीट सांग मला, एक शब्द गाळू नकोस, आणि मोठ्याने सांग."

दादाने बाकावर रुमाल पसरला आणि आत्याला बसवलं. धाकटी तिच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाच्या बाजूला बसली, आवाज चढवला, आणि बुधवारपासून सुरुवात केली.